मुलाच्या पोटातले गर्भाशय : पुण्याच्या आरोग्य प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
आरोग्य प्रमुख,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे ४११००५

विषय : मुलग्यांमधील न उतरलेले वृषण आणि त्यामागे क्वचित दडलेला लिंगविकासाचा दोष

पर्सिस्टंट म्यूलेरियन डक्ट सिंड्रोम हा लिंगविकासातील एक दुर्मीळ दोष आहे. असे मूल जन्मतः मुलगाच असते. त्याची गुणसूत्रे ४६, एक्सवाय असतात, शिश्न नेहमीसारखे असते आणि वृषण पुरुष संप्रेरक तयार करतात. मात्र ओटीपोटात, मूत्राशयाच्या मागे, एक लहानसे गर्भाशय असते. बहुधा त्याला दोन बीजवाहिन्या आणि योनीमार्गाचा वरचा भागही जोडलेला असतो. बाहेरून दिसणारी खूण एवढीच, की वृषणकोशाची एक किंवा दोन्ही बाजू रिकाम्या असतात. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांची नोंद काही शेंच्या घरात आहे. एवढ्या विरळ आजारासाठी महापालिकेच्या आरोग्य विभागाचे दार ठोठावण्याचे कारण म्हणजे ती बाहेरची खूण. ती मुळीच विरळ नाही. पूर्ण दिवसांच्या दर शंभर मुलग्यांपैकी दोन-चार मुलग्यांचे वृषण जन्मवेळी खाली उतरलेले नसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण तिसाच्या आसपास जाते. त्यांतल्या बहुतेकांचे पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरते, आणि वर्षाच्या अखेरीस शंभरात एखादा मुलगा उरतो. दुर्मीळ दोष सापडतो तो या उरलेल्यांमध्येच, आणि तोही कोणी हात लावून पाहिले तर.

गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत मुलगा-मुलगी असा भेद नळ्यांच्या पातळीवर नसतोच. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत प्रत्येक गर्भात नळ्यांच्या दोन जोड्या असतात. वोल्फियन जोडीपासून पुढे शुक्रवाहिनी, अधिवृषण आणि शुक्राशय तयार होतात. म्यूलेरियन जोडीपासून बीजवाहिन्या, गर्भाशय आणि योनीमार्गाचा वरचा भाग होतो. योहानेस म्यूलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने या नळ्यांचे वर्णन १८३० मध्ये केले, म्हणून त्याचे नाव त्यांना चिकटले. वाय गुणसूत्रामुळे वृषण तयार झाले की त्याच्यातल्या दोन प्रकारच्या पेशी दोन वेगळी कामे हाती घेतात. लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन स्रवतात व वोल्फियन नळ्या जगवतात. सर्टोली पेशी अँटी-म्यूलेरियन हार्मोन, म्हणजे एएमएच, स्रवतात आणि म्यूलेरियन नळ्या विरघळवतात. या दुसऱ्या कामाला मुदत असते. साधारण आठव्या ते दहाव्या आठवड्यातच या नळ्या एएमएचला दाद देतात. ती वेळ टळली की नंतर कितीही संप्रेरक आले तरी त्या जागच्या हलत नाहीत.

ही दोन कामे वेगवेगळी आहेत हे कळले ते सशांमुळे. अल्फ्रेड जोस्त या फ्रेंच शास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या पॅरिसमध्ये गाभण सशिणींच्या पोटातल्या गर्भांवर शस्त्रक्रिया करून त्यांचे वृषण किंवा बीजांडकोश काढले. नर असो वा मादी, सगळेच गर्भ मादीसारखे वाढले. मग त्याने वृषणाऐवजी टेस्टोस्टेरॉनचा स्फटिक गर्भात बसवून पाहिला. नराच्या नळ्या टिकल्या, पण मादीच्या नळ्याही टिकून राहिल्या. याचा अर्थ वृषणातून टेस्टोस्टेरॉनखेरीज आणखी काहीतरी स्रवत होते. १९४७ मधील ही निरीक्षणे या आजाराची गुरुकिल्ली ठरली. त्या सशाच्या गर्भात जे प्रयोगाने घडले, तेच या मुलांत निसर्गतः घडते : टेस्टोस्टेरॉन आहे, एएमएचचे काम मात्र झालेले नाही. माणसातील अशा रुग्णाचे वर्णन त्याआधीच, १९३९ मध्ये, निलसन यांनी केले होते. जांघेतल्या हर्नियात त्यांना गर्भाशय सापडले होते. एएमएचचे जनुक १९८६ मध्ये वेगळे करण्यात आले. गंमत अशी, की हेच तीन-चार अक्षरी नाव आज पुण्यातल्या वंध्यत्व केंद्रांत बायकांच्या रक्ततपासणीच्या कागदावर रोज दिसते, कारण प्रौढ स्त्रीत ते बीजांडकोशातील शिल्लक बीजांचा अंदाज देते. ज्यांच्यासाठी ते निसर्गाने प्रथम योजले त्या मुलग्यांत ते तपासावे, हे फारसे कोणाच्या डोक्यात येत नाही.

दोष दोन ठिकाणी असू शकतो. एकतर एकोणिसाव्या गुणसूत्रावरचे एएमएचचे जनुक बिघडलेले असते आणि संप्रेरक तयारच होत नाही, किंवा निकामी तयार होते. नाहीतर बाराव्या गुणसूत्रावरचे, त्या संप्रेरकाच्या ग्राहकाचे जनुक बिघडलेले असते : संप्रेरक भरपूर, पण ते ओळखणारे कोणी नाही. पहिल्या प्रकारचा बदल १९९१ मध्ये व दुसऱ्या प्रकारचा १९९५ मध्ये सापडला. थोड्या रुग्णांत दोन्ही जनुके धड निघतात आणि कारण हाती लागत नाही. वयात न आलेल्या मुलाच्या रक्तात एएमएच मुळातच पुष्कळ असते, त्यामुळे साध्या रक्ततपासणीतूनही दिशा मिळते. ते जवळजवळ शून्य आले तर पहिला प्रकार, नेहमीइतके आले तर बहुधा दुसरा. पौगंडावस्थेत टेस्टोस्टेरॉन वाढले की एएमएच आपसूक खाली येते, म्हणून ही तपासणी लहानपणीच खरी उपयोगाची.

वारसा अप्रभावी आहे. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली एकेक प्रत आली तरच दोष प्रकटतो, आणि तोही फक्त मुलग्यात. दोन्ही प्रती बिघडलेल्या मुलीला काही होत नाही. तिला पाळी येते, मुलेही होतात. त्यामुळे कुटुंबात हा दोष आहे हे पिढ्यान्‌पिढ्या कोणाला कळत नाही. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत आहे, आणि नात्यातल्या लग्नात बिघडलेल्या दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. याचा अर्थ प्रत्येक आतेमामे जोडप्याला धाक घालावा असा नव्हे. अर्थ इतकाच, की वृषण न उतरलेल्या मुलाच्या केसपेपरवर आईवडिलांचे लग्नाआधीचे नाते विचारून एका ओळीत लिहिलेले असावे, आणि दोष निघाला तर सख्ख्या भावांची तपासणी झालीच पाहिजे. प्रत्येक भावाला तो असण्याची शक्यता चारात एक असते.

वृषण खाली का उतरत नाही, याचे उत्तर बरेचसे यांत्रिक आहे. गर्भाशय आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा पडदा वृषणांना पोटात धरून ठेवतो. त्यांना खाली ओढणारा गर्भातला दोर मात्र लांब आणि सैल राहतो. त्यामुळे काहींत दोन्ही वृषण ओटीपोटात, बीजांडकोशांच्या जागी, अडकून पडतात. काहींत एक वृषण कोशात उतरते आणि जाताना गर्भाशय किंवा बीजवाहिनी मागोमाग जांघेत खेचते. हाच तो निलसनने पाहिलेला हर्निया. आणखी एक विचित्र प्रकार असा, की दोन्ही वृषणे एकाच बाजूला उतरतात. एक बाजू पूर्ण रिकामी आणि दुसरीकडे हर्नियाचा फुगवटा, असे चित्र दिसले तर शल्यचिकित्सकाच्या मनात हा आजार यायलाच हवा. सैल अडकवणीमुळे या वृषणांना पीळ पडण्याचा धोकाही असतो, आणि काही मुलांत एखादे वृषण असे सुकूनही गेलेले आढळते.

आजवरच्या बऱ्याच रुग्णांत हा दोष अवचितच सापडला आहे : हर्निया म्हणून जांघ उघडली आणि पिशवीत गर्भाशय दिसले. ज्यांची लहानपणी तपासणीच झाली नाही, ते मोठेपणी मूल होत नाही म्हणून दवाखान्यात येतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील अशा एका रुग्णाची बातमी जुलै २०१९ मध्ये वृत्तपत्रांत झळकली. तो २९ वर्षांचा विवाहित पुरुष होता, दोन्ही वृषण न उतरलेले होते, आणि उपचारादरम्यान पोटात गर्भाशय सापडले. डॉक्टरांनी ते काढून वृषण खाली आणले. बातम्यांचे मथळे अर्थातच गर्भाशयाभोवती फिरले. आरोग्य विभागाने त्या बातमीतला दुसरा तपशील वाचायला हवा. दोन्ही बाजू रिकाम्या असलेला मुलगा लशी, शाळा, नोकरी, लग्न असे सगळे टप्पे ओलांडून तिशीच्या उंबरठ्यावर पोचला, आणि तोवर त्या रिकामेपणाचा छडा लागलाच नव्हता.

या उशिराची किंमत वृषण मोजते. वृषणकोशाचे तापमान पोटापेक्षा दोन ते चार अंश कमी असते, आणि शुक्रपेशी घडण्यासाठी तो गारवा लागतो. पुढे ज्यांच्यापासून शुक्रपेशी बनायच्या, त्या मूळ पेशींचे महत्त्वाचे स्थित्यंतर बाळाच्या पहिल्याच वर्षात होते. पोटातल्या उष्णतेत ते नीट होत नाही. म्हणून वृषण खाली आणण्याची शस्त्रक्रिया सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करावी, असा आज सर्वत्र संकेत आहे. दुसरा धोका कर्करोगाचा. स्वीडनमध्ये ही शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे १७ हजार जणांचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले : तेरा वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत वृषणाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या दुपटीहून थोडा जास्त होता, तेराव्या वर्षानंतर झालेल्यांत पाचपटीहून जास्त. हा अभ्यास सर्वसाधारण न उतरलेल्या वृषणांचा आहे. म्यूलेरियन दोष असलेल्यांत वृषणे बहुधा पोटातच आणि बहुधा उशिरापर्यंत असतात, म्हणजे त्यांना सूट मिळण्याचे कारण नाही. ‘मिसरूड फुटले की उतरेल’ हा घराघरांत दिला जाणारा सल्ला या आकड्यांपुढे ठेवून पाहावा. सहा महिन्यांनंतर वृषण आपोआप उतरण्याची आशा जवळपास संपते. मिसरूड फुटेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते.

तपासणीला यंत्र लागत नाही, हात लागतात, आणि तेही ऊबदार. खोली गार असली किंवा तपासणाऱ्याची बोटे थंड असली की वृषण झटकन वर पळते आणि धडधाकट मुलगा आजारी ठरतो. योग्य रीत अशी : बाळ शांत असताना, दूध पिऊन झाल्यावर, एका हाताची बोटे कमरेच्या हाडाजवळून जांघेच्या घडीवरून हळूहळू खाली सरकवत आणायची आणि दुसऱ्या हाताने कोशाच्या तोंडाशी वृषण अलगद धरायचे. थोड्या मोठ्या मुलाला मांडी घालून बसवले तरी काम सोपे होते. खाली आणल्यावर क्षणभर तिथेच राहिले तर ते फक्त मागेपुढे होणारे वृषण, त्याला शस्त्रक्रिया लागत नाही, वर्षातून एकदा पाहिले की पुरते. सोडताच वर गेले, किंवा हाताला लागलेच नाही, तर मुलाला बालशल्यचिकित्सकाकडे पाठवायचे. आधी सोनोग्राफी करून आणायला सांगणे ही सर्वदूर पसरलेली सवय आहे आणि ती बहुतेक वेळा निरुपयोगी ठरते. पोटातले वृषण सोनोग्राफीत अनेकदा दिसत नाही, आणि ‘दिसले नाही’ म्हणजे ‘नाही’ असे समजून पालक घरी बसतात. जुन्या पुण्यात बाळाला तेल लावून अंघोळ घालणाऱ्या बायकांना ही गोष्ट डॉक्टरांच्या आधी कळते, कारण सव्वा महिना रोज बाळ त्यांच्याच पायांवर असते. ‘एक गोळी वर आहे हो’ असे त्या बाळाच्या आजीला सांगतातही. ते आजीपाशीच राहते.

एका प्रसंगात मात्र वाट पाहणे जिवावर बेतू शकते. नवजात बाळाचे दोन्ही वृषण हाताला लागत नसतील, तर शिश्न कितीही नेहमीसारखे दिसो, ते मूल मुलगी असू शकते. अधिवृक्क ग्रंथींच्या एका जन्मजात विकारात मुलीच्या बाह्य अवयवांना पुरुषी रूप येते, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शरीरातले मीठ झपाट्याने कमी होऊन बाळ दगावू शकते. म्हणून दोन्ही बाजू रिकाम्या असतील तर बाळाला घरी सोडण्याआधी सोडियम-पोटॅशियम, १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन आणि गुणसूत्रे तपासायला पाठवलीच पाहिजेत. शिश्नावर लघवीचे छिद्र भलत्या जागी असेल आणि सोबत वृषण उतरलेले नसेल, तरी लिंगविकासाचा दोष गृहीत धरून तपास करायचा असतो. गुणसूत्रांची तपासणी इथे टाळता येत नाही. वृषणासोबत गर्भाशय असण्याची इतर कारणेही आहेत, आणि काहींत गुणसूत्रांची सरमिसळ असते. त्यांचा धोका व उपचार वेगळे असतात.

म्यूलेरियन दोषात शस्त्रक्रियेचा पेच गर्भाशय काढावे की ठेवावे हा आहे, आणि त्यावर शल्यचिकित्सकांचे अजूनही एकमत नाही. अडचण अशी, की शुक्रवाहिन्या गर्भाशयाच्या कडेने, कधी त्याच्या भिंतीतूनच, जातात. गर्भाशय सरसकट काढायला गेले तर त्या तुटतात, वृषणाचा रक्तपुरवठाही जाऊ शकतो. म्हणून पूर्वी ते तसेच ठेवण्याकडे कल होता. पुढे अशा टिकून राहिलेल्या अवयवांतही कर्करोग झाल्याच्या नोंदी आल्या आणि मत बदलू लागले. मधला मार्ग म्हणून गर्भाशय मधोमध उभे चिरून दोन्ही वृषणे आपापल्या शुक्रवाहिनीसह खाली आणतात आणि गर्भाशयाचे आतले अस्तर शक्य तेवढे काढून टाकतात. हे काम अनुभवी हातांचे आहे आणि दुर्बिणीतून केल्यास पोटातली रचना नीट दिसते. हर्नियाच्या साध्या शस्त्रक्रियेत गर्भाशय अचानक समोर आले, तर त्याच टेबलावर घाईने ते किंवा वृषण काढून टाकणे ही चूक आहे. नमुना घ्यावा, सगळे जागच्या जागी ठेवून जखम बंद करावी, तपासण्या कराव्यात, पालकांशी बोलावे आणि मग बेतलेली दुसरी शस्त्रक्रिया करावी. नंतर मूल होण्याची शक्यता कमी असते, पण निदान एक वृषण खाली असेल आणि वाहिन्या शाबूत असतील तर ती असते.

पालकांशी बोलण्याचा भाग वैद्यकीय पुस्तकांत अर्ध्या पानात उरकलेला असतो. कसबा पेठेसारख्या वस्तीत तो अर्ध्या पानात मावत नाही. वाड्यांच्या जागी इमारती आल्या तरी जिन्यातल्या गप्पांना भिंती नाहीत. ‘मुलाच्या पोटात गर्भाशय निघाले’ हे वाक्य तांबट आळीतून कुंभारवाड्यापर्यंत पोचायला दुपार लागत नाही, आणि पुढे त्या मुलाचे लग्न ठरताना ते पुन्हा वर येते. आईवडिलांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : आमचा मुलगा मुलगा आहे ना? उत्तर निःसंदिग्ध आहे आणि ते पहिल्याच भेटीत द्यायला हवे. तो मुलगा आहे. त्याला दाढीमिशा येतील, आवाज फुटेल. एक अवयव विरघळायचा राहून गेला आहे, इतकेच. घरी न्यायच्या कागदावर निदानाचे वैद्यकीय नाव पुरे, ‘गर्भाशय’ हा शब्द ठळक अक्षरांत लिहिण्याची गरज नसते. वॉर्डातल्या फेरीत विद्यार्थ्यांच्या घोळक्यासमोर मुलाला उघडे करून दाखवणे, त्याचे फोटो मोबाइलवर फिरवणे, हे प्रकार बंद करायला वेगळा निधी लागत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघरहून सुरू झाला. त्याच्या मूळ यादीत जन्मजात व्यंगांचे नऊ प्रकार आहेत : दुभंगलेले ओठ-टाळू, वाकडी पावले, जन्मजात मोतीबिंदू, हृदयदोष वगैरे. न उतरलेले वृषण त्या नऊंत नाही. यादीत नाही म्हणून ते पाहू नये असे कोणी म्हटलेले नाही, पण रकाना नसलेली गोष्ट गर्दीच्या ओपीडीत पाहिली जात नाही, हे महापालिकेच्या कोणत्याही दवाखान्यात दिसेल. उलट लसीकरणाचे वेळापत्रक या तपासणीला हवे तसेच आखलेले आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस मांडीत टोचतात. लंगोट तेव्हा सैल केलेलाच असतो आणि परिचारिकेचा हात जांघेपासून वितीवर असतो. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असते. नेमका हाच तो काळ, जेव्हा आपोआप उतरण्याची मुदत संपलेली असते आणि शस्त्रक्रियेची उत्तम वेळ चालू असते.

तेव्हा मागणी अशी. कसबा पेठेतल्या कुटुंबांना जवळचे पडणारे मंगळवार पेठेतील कमला नेहरू रुग्णालय आणि महापालिकेचे दवाखाने यांच्यापासून सुरुवात करून, माता-बाल संरक्षण कार्डावर मुलग्यांसाठी एका शिक्क्याची जागा ठेवावी : उजवे, डावे, आहे, नाही. तो शिक्का तीनदा भरावा, जन्मवेळी, चौदाव्या आठवड्याला आणि नवव्या महिन्याला. जन्मवेळी दोन्ही ‘नाही’ असतील तर त्याच दिवशी नवजात तज्ज्ञ. नवव्या महिन्याला एक जरी ‘नाही’ असेल तर ससून रुग्णालयाच्या किंवा पालकांच्या पसंतीच्या बालशल्यचिकित्सकाकडे चिठ्ठी, आणि तो मुलगा तिथे पोचला का हे पाहण्याची जबाबदारी आशाताईंच्या यादीत. परिचारिकांना ही तपासणी शिकवायला एक सकाळ पुरेल. जे मुलगे आज शाळेत आहेत त्यांच्यासाठी शालेय आरोग्य तपासणीत, पडद्याआड आणि पालकांच्या संमतीने, हीच पाहणी एकदा करून घ्यावी. ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे अशा मुलांचे कागद वयाच्या अठराव्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या हाती द्यावेत, कारण वृषणातली गाठ स्वतः चाचपून पाहण्याचे वय तिथूनच सुरू होते आणि आपल्यावर लहानपणी काय शस्त्रक्रिया झाली हे त्यातल्या कित्येकांना घरी कोणी सांगितलेले नसते.

कळावे,
कसबा पेठेतील एक रहिवासी
पुणे ४११०११